पस्तीस की तीस पाच? संख्यानामांच्या वादामागची पार्श्वभूमी

जून २०१९ मध्ये शाळा उघडल्या आणि दुसरीच्या गणिताच्या नव्या पुस्तकावरून राज्यभर गदारोळ उठला. एकवीस, बावीस, तेवीस या नावांच्या जोडीने पुस्तकात वीस एक, वीस दोन, वीस तीन अशीही नावे आली होती. वाहिन्यांवर चर्चा झडल्या, विधिमंडळात विषय निघाला, नेत्यांच्या आडनावांवर कोट्या झाल्या. काही आठवड्यांत बातम्यांचा रोख दुसरीकडे वळला. शाळांमधला प्रश्न मात्र जागच्या जागी राहिला. मराठवाड्यात केंद्रावर, म्हणजे जवळपासच्या शाळांच्या गटात, भरणाऱ्या शिक्षकांच्या शिक्षण परिषदेत गणिताचा तास आला की कोणीतरी हात वर करतोच: मग लेकरांना नेमकं काय शिकवायचं, पस्तीस की तीस पाच?

तो वाद मराठी भाषेच्या अभिमानाचा म्हणून गाजला. मुळात तो मनाला एखादी गोष्ट कळते म्हणजे नेमके काय होते याचा होता. मूल 'पस्तीस' म्हणते, पस्तीस चिंचोके मोजते, ३५ लिहिते. या तीन गोष्टी एकच आहेत असे मोठ्यांना वाटते. मुलाच्या मनात त्या तीन वेगवेगळ्या वाटांनी येतात आणि त्यांची गाठ पडायला काही वर्षे जातात.

आपल्याकडे हा प्रश्न फार आधी पडलेला आहे. समोर दोन आंबे आहेत. डोळ्यांना दिसतो तो हा एक आणि तो एक. मग 'दोन' कुठून आले? वैशेषिक या प्राचीन भारतीय दर्शनाचे उत्तर असे की 'हा एक, हा एक' असे दोन्ही एकत्र धरणारी बुद्धी आधी उपजते, तिला अपेक्षाबुद्धी म्हणतात. तिच्यामुळे द्वित्व, म्हणजे दोनपणा, उत्पन्न होते आणि ती ओसरली की द्वित्वही नाहीसे होते. या उपजण्याच्या पायऱ्या त्या ग्रंथांत क्षणाक्षणाने मांडल्या आहेत, आणि द्वित्वाच्या चर्चेत ज्याची बुद्धी अडखळत नाही तोच खरा वैशेषिक, अशा अर्थाचे एक वचन पंडितांत प्रसिद्ध होते. बौद्ध तर्कपरंपरेने जाणण्याचे दोनच मार्ग मानले, प्रत्यक्ष आणि अनुमान, आणि नाव व कल्पना चिकटण्याआधीचे जे जाणणे तेच प्रत्यक्ष असे ठरवले. ही मांडणी करणारा आचार्य दिङ्नाग. सातव्या शतकात आलेल्या चिनी यात्रेकरूने ज्या डोंगरातल्या विहाराचे वर्णन केले ते अजिंठ्याचे मानले जाते. तिथे वरचेवर मुक्काम करणाऱ्या ज्या आचार्याचा त्याने उल्लेख केला तो दिङ्नागच, असे बहुतेक अभ्यासक धरतात. नाव लागण्याआधी मनाला काय कळते आणि नाव लागल्यावर त्यात काय बदलते, हा प्रश्न म्हणजे मराठवाड्याच्या मातीला परका नाही.

नावांचा उगम थोडक्यात सांगता येतो. संस्कृतात द्वाविंशति, पंचत्रिंशत् अशी एकक आधी सांगण्याची रीत आहे. प्राकृतातून येताना ते शब्द झिजले, एकमेकांत मुरले आणि बावीस, पस्तीस झाले. झिजताना प्रत्येक शब्द आपापल्या परीने झिजला. एकट्या सातचे बघा: सतरा, सत्तावीस, सदतीस, सत्तेचाळीस, सत्तावन्न, सदुसष्ट, सत्त्याहत्तर, सत्त्याऐंशी, सत्त्याण्णव. सात कधी 'सत्ता' होतो, कधी 'सद', कधी 'सत्ते', कधी 'सदु', कधी 'सत्त्या'. दशकांचेही तेच. पन्नासचा एक्कावन्नात 'वन्न' होतो आणि त्रेपन्नात 'पन्न'. सत्तरचा एकाहत्तरात 'हत्तर'. त्यात एकोणीस, एकोणतीस, एकोणचाळीस ही वजाबाकीची नावे. एकोणतीस म्हणताना कानावर तीस पडतो आणि लिहायचा असतो दोन दशकांचा आकडा. नव्याण्णवला येऊन ही वजाबाकी अचानक सुटते. शंभरपर्यंतची ही नावे मूल नियमाने शिकूच शकत नाही. त्याला ती एकेक करून पाठ करावी लागतात.

जुन्या शाळेला यात अडचण वाटली नाही, कारण तिथे पाठांतर हेच शिकणे होते. पंतोजीच्या शाळेत उजळणी, तीसपर्यंतचे पाढे, मग पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी. 'पाच दिडे साडेसात' हे तोंडावर असलेला माणूस बाजारात फसत नसे. सोळा आण्यांचा रुपया आणि चार शेरांची पायली असलेल्या व्यवहारात पाव-अर्ध्याचे पाढे रोज लागत. १ एप्रिल १९५७ ला दशमान नाणी आली, पुढच्या काही वर्षांत किलो-लिटर आले आणि पावकी-निमकीची गरज ओसरली. पण पाठ करणे म्हणजे येणे, ही समजूत घराघरांत तशीच राहिली. आजही पाहुणे आले की लेकराला उभे करून सतराचा पाढा म्हणायला लावतात.

आता मूळ निर्णयाकडे. त्यात नेमके काय झाले हे अनेकांच्या लक्षात नाही, म्हणून जरा सविस्तर सांगतो. पुस्तकातून जुनी नावे काढली नव्हती. दोन्ही नावे शेजारी शेजारी होती. विरोध करणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांनी पुस्तक उघडलेच नव्हते आणि 'बावीस हद्दपार' अशा थाटात चर्चा चालली होती. बाजू मांडणाऱ्यांनी दोन कारणे दिली. पहिले, त्र्याण्णव, सत्त्याहत्तर यांसारखी जोडाक्षरे लहान मुलांना जड जातात आणि त्या धास्तीने मुले गणितापासून लांब पळतात. दुसरे, लिहिताना दशक आधी आणि बोलताना एकक आधी, हा उलटसुलट प्रकार मुलाला गोंधळात टाकतो. दक्षिणेच्या भाषांत आणि इंग्रजीत वीसच्या पुढे तसे होत नाही.

चर्चेत गाजले ते पहिले कारण, आणि ते दोन्हींतले दुबळे होते. जोडाक्षर जड जाते म्हणून शब्दच बदलायचे, तर मराठीतले किती शब्द बदलणार, हा प्रतिवाद सोपा होता आणि तो जिंकलाही. शिवाय दुसरीतले मूल 'त्र्याण्णव' वाचण्याआधी कित्येकदा ऐकते आणि बोलते. जोडाक्षराची अडचण वाचनाची आहे, संख्येची नव्हे. दुसरे कारण खरे वजनाचे होते. स्थानिक किंमत, म्हणजे ३५ मधला ३ हा तीन नसून तीन दशक आहे हे कळणे, हा प्राथमिक गणिताचा कणा आहे. तो पक्का नसला की हातच्याची बेरीज, उसन्याची वजाबाकी, पुढे भागाकार, दशांश अपूर्णांक, सगळे डळमळते. 'तीस पाच' हे नाव ती किंमत उच्चारातच दाखवते. 'पस्तीस' ती लपवते. या मुद्द्यावर वाहिन्यांवर क्वचितच कोणी बोलले.

विरोधाचे तीन सूर होते. भाषेचा वारसा जाईल, हा पहिला. बाजारात 'पन्नास सात रुपये' म्हटलेले कोणाला कळणार, हा दुसरा. तिसरा वर्गातून आला आणि मला तो सर्वात जास्त ऐकण्याजोगा वाटतो: एका संख्येची दोन नावे म्हणजे पोरांच्या डोक्यावर दुप्पट ओझे. पहिल्या सुराबद्दल एवढेच म्हणेन की पुस्तकात जुनी नावे असताना वारसा जाण्याचा प्रश्न नव्हता. दुसरा मुद्दा बरोबर आहे. आठवडी बाजारात, एसटीच्या तिकिटाला, मोबाइलच्या रिचार्जला सत्तावन्नच लागणार, आणि ते मुलाला आलेच पाहिजे. तिसऱ्या मुद्द्याचे उत्तर मराठवाड्यातच सापडते, आणि इथल्या शाळांकडे बघितले असते तर २०१९ ची चर्चा वेगळ्या वळणाने गेली असती असे माझे मत आहे.

इथल्या माणसाच्या डोक्यात एका वेळी दोन-तीन मोजण्या राहत आल्या आहेत. शाळेची पायरी न चढलेल्या आजीला वय विचारा. 'तीन इसा अन् धा' असे उत्तर येई, म्हणजे सत्तर. विसाविसांनी मोजण्याची ही रीत गुरे, पेंढ्या, कडबा यांच्या मोजणीत सर्रास होती. धान्याची खंडीही वीस मणांचीच. जनावरांच्या बाजारात दलाल उपरण्याखाली एकमेकांची बोटे धरून भाव ठरवत, तिथे शब्द नव्हतेच. निजामाच्या राज्यात चलनही वेगळे, हाली सिक्का. इंग्रजी मुलखातला रुपया तो कलदार. सात हाली म्हणजे सहा कलदार असा हिशेब, आणि सोलापूर किंवा नगरच्या बाजारपेठेशी ज्याचा व्यवहार त्याला तो तोंडी करावाच लागे. हैदराबाद संस्थान १९४८ च्या सप्टेंबरात भारतात आले तरी हाली नाणे १९५९ पर्यंत चालले. वरच्या वर्गांत शिकण्याची भाषा उर्दू असल्याने त्या पिढीतल्या शिकलेल्या माणसाचा घरचा हिशेब मराठीत आणि शाळेतला हिशेब उर्दूत होई. उर्दूतही 'पैंतीस' म्हणताना एकक आधीच, त्यामुळे त्या बाजूने सुटका नव्हती. पण एकाच राशीला दोन नावे असू शकतात याचे त्यांना नवल वाटत नसे.

पाढ्यांतसुद्धा आपण दुसरी नावे वापरतो, ते सवयीने लक्षात येत नाही. बे एके बे, बे दुणे चार, बे त्रिक सहा, बे चोक आठ. दोनचा 'बे' आणि 'दुणे', तीनचा 'त्रिक', चारचा 'चोक'. सहा-सात वर्षांचे मूल हे निमूटपणे शिकते आणि 'बे' म्हणजे दोनच हेही त्याला कळते. दोन नावांचे ओझे होते असे म्हणणाऱ्यांनी पाढे कधी बंद करायला सांगितले नाहीत.

सगळ्यात बोलका भाग आहे तो सीमेचा. नांदेड जिल्ह्यातले देगलूर, बिलोली, धर्माबाद हे तालुके तेलंगणाला लागून, आणि उदगीर, निलंगा, उमरगा हा पट्टा कर्नाटकाला लागून. इथल्या कित्येक घरांत तेलुगू किंवा कन्नड बोलतात आणि मुले मराठी शाळेत येतात. तेलुगूत पस्तीस म्हणजे 'मुप्पै ऐदु': तीस, पाच. कन्नडात 'मूवत्तैदु': तेही तीस आणि पाच, या क्रमाने जोडलेले. म्हणजे ज्या रीतीला राज्याच्या राजधानीत परदेशी म्हटले गेले, ती इथे ओट्यावर बसलेली आई रोज बोलते.

देगलूरच्या बाजूच्या एका शाळेत दुसरीच्या वर्गात पाहिलेली गोष्ट सांगतो. गुरुजींनी 'पस्तीस लिहा' म्हटले. घरी तेलुगू बोलणाऱ्या एका मुलाने पाटीवर ५३ लिहिले. गुरुजी रागावले नाहीत. त्यांनी काड्यांचा डबा पुढे ठेवला, त्यात दहा-दहाचे रबर लावलेले गठ्ठे आणि काही सुट्या काड्या होत्या. 'पस्तीस काड्या दे.' मुलाने तीन गठ्ठे काढले, पाच सुट्या काड्या मोजून बाजूला ठेवल्या. अगदी बरोबर. 'मग लिहिलंस काय?' मुलगा पाटीकडे बघून म्हणाला, 'सर, पस्तीसला पाच आदी येतंय की.' गुरुजींनी विचारले, घरी काय म्हणतात? मुलगा पुटपुटला, मुप्पै ऐदु. आणि न सांगता ५३ पुसून ३५ लिहिले.

या एवढ्याशा प्रसंगात सगळा प्रश्न आहे. पस्तीस म्हणजे किती, हे त्या मुलाला माहीत होते. अडले होते ते नावाकडून आकड्याकडे जाताना. त्याची चूक आळसाची नव्हती, की डोके कमी असण्याची. कानाने जे आधी ऐकले ते हाताने आधी लिहिले. मराठीच्या बाकी प्रत्येक शब्दाला हाच नियम लागतो, आणि तो नियम पाळल्याबद्दल गणितात त्याला शून्य मिळते. अशा चुकीवर लाल रेघ मारून 'दहा वेळा लिही' सांगणारे वर्ग मी पुष्कळ पाहिले आहेत. दहा वेळा लिहून तो पस्तीसपुरता सुधारतो, सत्तेचाळीसला पुन्हा ७४.

जगात यावर जे काम झाले आहे त्यातले थोडे इथे सांगणे गरजेचे आहे. काही महिन्यांच्या बाळालाही दोन वस्तू आणि तीन वस्तू यांतला फरक जाणवतो, हे १९८० च्या सुमारास प्रयोगांनी दिसले. १९९२ च्या एका प्रसिद्ध प्रयोगात पाच महिन्यांच्या बाळांसमोर पडद्याआड एक बाहुली ठेवून तिथेच दुसरी ठेवली; पडदा काढल्यावर एकच बाहुली दिसली तर बाळे अधिक वेळ टक लावून बघत राहिली. नाव नसताना, भाषा नसताना, काहीतरी कळत होते. पण हे कळणे तीनच्या आसपास संपते. त्यापुढे अंदाज असतो, नेमकेपणा नसतो. अमेझॉनच्या जंगलातल्या, ज्यांच्या भाषेत मोठ्या संख्यांना शब्दच नाहीत अशा लोकांबरोबर झालेले अभ्यास २००४ मध्ये प्रसिद्ध झाले. जास्त वस्तूंची बरोबरी करताना त्यांचे उत्तर जवळपास येई, अचूक येत नसे. त्यांची बुद्धी कमी होती असा याचा अर्थ नाही. नेमकी मोठी संख्या मनात धरून ठेवायला शब्दांची मालिका लागते, असा आहे.

आणि मालिका पाठ झाली म्हणजे संख्या आली असेही नाही. अंगणवाडीतले तीन वर्षांचे मूल दहापर्यंत घडाघडा म्हणते. त्याला 'चार चिंचोके दे' म्हणा, ते मूठभर देते. मोजताना शेवटी म्हटलेला शब्द हाच सगळ्यांची संख्या सांगतो, हे उमगायला बहुतेक मुलांना साडेतीन-चार वर्षांचे व्हावे लागते. त्यानंतरही ओळीत मांडलेले आठ चिंचोके लांब लांब सरकवले की पाच वर्षांचे मूल म्हणते, आता जास्त झाले. हे स्वित्झर्लंडमधल्या एका मानसशास्त्रज्ञाने विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात दाखवले, आणि आपल्या डीएडच्या, म्हणजे शिक्षक-प्रशिक्षणाच्या, पुस्तकांत तो प्रयोग पिढ्यान्‌पिढ्या पाठ केला गेला. तोच प्रयोग आपल्या वर्गात करून बघणारे शिक्षक मात्र थोडे.

संख्यानामांचा परिणाम शोधणारे अभ्यास १९८० च्या दशकापासून वाढले. चिनी, जपानी, कोरियन भाषांत अकराला 'दहा एक', पस्तीसला 'तीन दहा पाच' म्हणतात. तिथली मुले दहानंतरची मोजणी लवकर आणि कमी चुका करत शिकतात असे दिसले. यावर रास्त शंका निघाली की हे भाषेमुळे की तिथल्या शाळा आणि घरच्या सरावामुळे? म्हणून एकाच देशातली, एकसारख्या शाळांतली मुले तपासली गेली. वेल्समध्ये वेल्श माध्यमाची मुले (त्या भाषेत आज 'तीन दहा पाच' ही रीत आहे) दोन अंकी संख्या वाचण्यात आणि त्यांची तुलना करण्यात इंग्रजी माध्यमाच्या मुलांपेक्षा सरस निघाली, पण एकूण अंकगणितात फारसा फरक दिसला नाही. जर्मनमध्ये आपल्यासारखेच एकक आधी; ऑस्ट्रियात पहिलीच्या मुलांनी ऐकून लिहिलेल्या संख्यांमधल्या चुकांपैकी जवळजवळ निम्म्या अशा उलटापालटीच्या होत्या. झेक भाषेत दोन्ही रीती चालतात, त्यामुळे तीच मुले दोन्ही रीतींनी तपासता आली. एकक आधी सांगितले तेव्हा त्यांनी उलटापालट जास्त केली. माझ्या मते हा पुरावा सर्वात भक्कम आहे, कारण मूल तेच, शाळा तीच, बदलले ते फक्त नाव. यातून निघते ते माफक आहे: दशक आधी सांगणारे नाव स्थानिक किंमत आणि लेखन सोपे करते. त्याने मूल गणितात हुशार होत नाही. २०१९ मध्ये दोन्ही बाजूंनी याहून खूप मोठे दावे केले.

नावे बदलण्याचा निर्णय सरकारी पातळीवर घेतल्याचे उदाहरणही आहे. नॉर्वेत पूर्वी 'एक आणि वीस' अशी रीत होती. दूरध्वनीचे आकडे तोंडी सांगताना चुका होतात म्हणून दूरध्वनी खात्याने बदल मागितला, संसदेने तो मान्य केला आणि १ जुलै १९५१ पासून शाळा आणि सरकारी कामात 'वीस एक' आले. सत्तर वर्षे उलटली, जुनी रीत घराघरांत अजून ऐकू येते. भाषा मेली नाही, आणि आदेशाने जुनी रीत गेलीही नाही.

आपल्याकडे या निर्णयाची जमीन त्याआधी दहा-पंधरा वर्षे तयार होत होती. २००५ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्याने 'मूल स्वतः ज्ञान रचते' ही भूमिका घेतली, २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने कृतीतून आणि शोधातून शिकण्याचा उल्लेख कलमातच केला, राज्याने २०१० मध्ये सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आणले, २०१२ मध्ये प्राथमिकचा अभ्यासक्रम बदलला. जून २०१५ मध्ये प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र कार्यक्रम आला आणि ज्ञानरचनावाद हा शब्द गावोगावच्या शाळांच्या भिंतींवर चढला. सातारा जिल्ह्यातल्या एका बीटमधल्या (एका विस्तार अधिकाऱ्याकडे असलेल्या शाळांच्या गटातल्या) शाळा बघायला मराठवाड्यातून गाड्या भरभरून शिक्षक गेले. परत आल्यावर लोकवर्गणीतून फरश्या रंगल्या: शंभरचा तक्ता, सापशिडी, संख्यारेषा, बाराखडीची चक्रे. मणी, काड्या, बाटल्यांची झाकणे, खडे वर्गात आले. त्या काळात दुष्काळ होता, लातूरला २०१६ मध्ये रेल्वेने पाणी आणावे लागले होते, आणि तशा दिवसांत गावकऱ्यांनी शाळेसाठी वर्गणी काढली. हे काम लहान नव्हते आणि ते करणाऱ्यांबद्दल मला मनापासून आदर आहे.

तरीही फरशी रंगली म्हणजे ज्ञानरचना झाली, असा एक समज त्यातून पसरला. तपासणीला आलेला अधिकारी साहित्य मोजू शकतो. मुलाच्या मनात काय जुळले ते मोजायला त्याला मुलाशेजारी बसावे लागते, आणि तेवढा वेळ एका भेटीत नसतो. म्हणून गठ्ठे आले, पण गठ्ठा आणि ३५ मधला ३ यांची गाठ घालून देणारे बोलणे अनेक वर्गांत आलेच नाही. 'तीस पाच' हे नाव नेमके तिथे उपयोगी होते. गठ्ठे हातात, तीस पाच तोंडात, ३५ पाटीवर, आणि मग पस्तीस. २०१९ चे पुस्तक हा दुवा देत होते. पण प्रशिक्षणात त्यावर बोलणे झाले नाही, पालकांना कोणी काही सांगितले नाही, आणि वाद पेटल्यावर शिक्षकांनी ते पान उलटून पुढे जाणे पसंत केले. निर्णय योग्य होता, तो शाळेपर्यंत पोचवण्याची रीत चुकली, असे माझे स्पष्ट मत आहे.

पुढे करोनाने शाळा बंद ठेवल्या. राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने २०२० मध्ये आणि केंद्राच्या निपुण भारत अभियानाने जुलै २०२१ मध्ये पायाभूत साक्षरता आणि संख्याज्ञानाला सगळ्यात वरचे स्थान दिले. राज्यात २०२५-२६ पासून पहिलीला नवा अभ्यासक्रम लागू झाला आहे, आणि वरच्या इयत्तांची पुस्तके टप्प्याटप्प्याने बदलणार आहेत. बदल होईल तेव्हा दोन्ही नावे राहावीत, शिक्षकांच्या प्रशिक्षणात ऐकलेली संख्या लिहिण्यासाठी वेगळा तास असावा, पालकसभेत गठ्ठे घेऊन हे दाखवले जावे आणि सीमेवरच्या शाळांत मुलाने तेलुगूत किंवा कन्नडात मोजले तर त्याला थांबवू नये, एवढ्या चार गोष्टी मराठवाड्यातल्या शिक्षकांनी आताच लेखी मागायला हव्यात. देगलूरचे ते गुरुजी तर पुस्तकाची वाट बघत बसलेले नाहीत. त्यांच्या वर्गात संख्येच्या तक्त्याला तीन रकाने आहेत: पहिल्यात आकडा, दुसऱ्यात पस्तीस, तिसऱ्यात मुलांच्या घरचे नाव देवनागरीत.